झीज आधी, घाव नंतर

९ नोव्हेंबर

आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबातल्या ऑरिन लेमकेला आज त्याच्याच स्वयंपाकघरात कुणीतरी गुरासारखं मारलं. टपालवालीला मागचं दार बिजागरीतून उखडलेलं दिसलं म्हणून तो जिवंत सापडला. कवटी तडकली आहे, डाव्या खुब्याचं हाड मोडलं आहे, उजव्या हाताची बोटं सुजून एकमेकांना चिकटली आहेत. म्हणजे त्याने हात वर केला होता. नाण्यांची सगळी खोकी गेली.

हॉस्पिटलच्या दाराशी हॉलिस उभा होता. आता शेरीफच्या कचेरीत आहे, पण माझ्या वर्गात रसायनशास्त्रात दोनदा नापास झालेला मुलगा. मला पाहिलं की अजून टोपी काढतो. कुणाचा संशय येतो का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, संशय कशाला? गेल्या महिन्यात अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या मासळीच्या गावजेवणात ऑरिनच्या मुलाने, कर्टिसने, बापाला टेबलावर ढकललं, सगळ्या गावासमोर. घर विकायचं की नाही यावरून. बापाच्या शर्टावर कोबीची कोशिंबीर सांडली ती पुसायलाही थांबला नाही. असा मुलगा पुढे काय करेल हे सांगायला पदवी लागत नाही.

हॉलिसने सगळं लिहून घेतलं.

१० नोव्हेंबर

कर्टिस दुधाचा टँकर घेऊन थेट हॉस्पिटलच्या आवारात आला. आमच्या क्लबातला लॉइड तिथेच होता. लॉइड हरणं सोलून लोकांना मांस कापून देतो, त्याचे हात कोपरापर्यंत खाटकाचे. कर्टिसने विचारलं, म्हातारा कसा आहे? लॉइड म्हणाला, "ते तूच सांग," आणि पहिला ठोसा तोंडावर बसला. मग गुडघा पोटात. कर्टिस खाली पडल्यावरही लॉइड थांबला नाही. डांबरावर दात पडलेला मी पाहिला. मी माझ्या गाडीपाशी होते, किल्ली हातात धरून. आधी पुढे झाले नाही, हे लिहून ठेवते. मग झाले आणि लॉइडला नावाने हाक मारली, तेव्हा तो थांबला.

कर्टिसने एकदाही हात उचलला नाही. रक्त थुंकत तोच प्रश्न पुन्हा विचारत राहिला. निर्दोष माणूस असा मार खाऊन घेत नाही.

११ नोव्हेंबर

कर्टिसला पकडलं. गावाला हायसं वाटलं. मलाही.

१४ नोव्हेंबर

क्लबची बैठक. ऑरिनची खुर्ची रिकामी ठेवली होती. कुणी काही बोलायच्या आत मीच स्पष्ट सांगितलं की मुलानेच केलं आहे आणि आता कुजबुज नको. नवा सभासद डर्क टार्बेल म्हणाला की उन्हाळ्यात ऑरिनचं छप्पर त्यानेच घातलं होतं, आता ते तुटलेलं दारही फुकट बसवून देतो. अशी माणसं क्लबात हवीत.

नंतर डर्कने मला एक नाणं दिलं. चांदीचा अर्धा डॉलर, बराच झिजलेला. एका बाजूला चौकटी-चौकटीची नक्षी उमटली आहे आणि चौकटींच्या आत कापडाची वीण. त्याचं म्हणणं, टांकसाळीत ठशाखाली कापडाचा तुकडा अडकला असावा. असं खरंच घडतं, आणि तशा नाण्याला लोक वेड्यासारखी किंमत देतात. पुढच्या महिन्यात पिट्सबर्गच्या प्रदर्शनात त्याला ते विकायचं आहे, त्याआधी माझा शब्द हवा. आजीच्या सिगारेटच्या डब्यात सापडलं, असं काहीतरी सांगू लागला. मी त्याला तिथेच थांबवलं.

हा माझा नियम आहे आणि तो मी कधी मोडला नाही. नाणं कुठून आलं ते मी ऐकत नाही. आजीचे डबे, भिंतीतले हंडे, युद्धावरून आणलेल्या पेट्या, सगळ्या गोष्टी ऐकल्या की डोळ्यांना तेच दिसू लागतं. मला एकच सांगायचं असतं: हे बनतानाच बिघडलं की बनल्यानंतर कुणी बिघडवलं. पहिलं असेल तर खजिना, दुसरं असेल तर भंगार. माणसं खोटं बोलतात. धातूला ते जमत नाही.

१५ नोव्हेंबर

अक्षरांच्या खाचांत तपकिरी मळ घट्ट बसला होता. मळाखाली काय आहे ते कळल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. पुसायचं कधीच नाही, ओरखडे पडतात. शुद्ध पाण्यात भिजत ठेवलं, मग ॲसिटोनमध्ये बुडवलं. दोन्हींनी चांदीला काही होत नाही. पाण्याला चहासारखा रंग आला, काठाशी लालसर. लोखंडाचा गंज असावा, सिगारेटचे डबे पत्र्याचेच असतात. पाणी ओतून दिलं. नाणं आता लख्ख स्वच्छ आहे आणि वीण धागा न् धागा दिसते.

१७ नोव्हेंबर

ऑरिनकडे गेले. डोळे मिटलेलेच. पण डावा अंगठा सारखा तर्जनीवर घासतो. नर्स म्हणाली, मेंदूला मार लागला की असं होतं. मी तिला सांगितलं की याचा मेंदूशी संबंध नाही, तो त्याचं खिशातलं नाणं शोधतो आहे. आमच्यात प्रत्येकाकडे एक असतं. खर्चायचं नाही, विकायचं नाही, नुसतं बोटांनी चोळत राहायचं, वर्षानुवर्षं. आणि पार गुळगुळीत होऊन त्यावर छापलेलं साल पुसून जाईपर्यंत ते दुसऱ्याला दाखवायचं नाही. ऑरिनचं अजून कुणी पाहिलेलं नाही. कधी ते टेबलावर वाजवायचा तेव्हा आवाज तेवढा ऐकू यायचा.

त्याच्या पँटचा खिसा रिकामा होता, हॉलिसने सांगितलं. बापाच्या खिशातलं ते एवढंसं नाणंही कर्टिसने सोडलं नाही. अशा माणसाला फाशी दिली तरी मी टाळ्या वाजवणार नाही, पण रडणारही नाही.

१८ नोव्हेंबर

डर्कच्या नाण्याचा निकाल लागला. हात धुण्यासारखं सोपं निघालं.

टांकसाळीत कापड अडकलं असतं तर वीण नाण्याबरोबरच जन्मली असती आणि नाण्याबरोबरच झिजली असती. इथे नाणं सगळीकडून गुळगुळीत आहे, आणि त्या गुळगुळीतपणावर वीण कोरी करकरीत बसली आहे. झीज आधी, घाव नंतर. चौकटी म्हणजे हातोडीचे दाते. खिळ्यावरून निसटू नये म्हणून छप्परवाल्यांच्या हातोडीच्या तोंडावर असतात तसे. कडेचा एक दाता तुटलेला आहे, तिथे खळगा पडलेला नाही. मधलं कापड जाड, डेनिमचं. आणि मागची बाजू मुळीच खरचटलेली नाही, नाणं फक्त बशीसारखं किंचित वाकलं आहे. म्हणजे खाली लाकूड नव्हतं, काँक्रीट नव्हतं. काहीतरी मऊ होतं.

उत्तम नमुना आहे. नव्या सभासदांना शिकवायला वापरीन.

२१ नोव्हेंबर

बैठकीत निकाल दिला. आमची पद्धत अशी की इजा, म्हणजे बनल्यानंतर झालेला बिघाड, म्हटलं तर ती कशी झाली तेही सांगायचं, नाहीतर निकाल धरत नाहीत.

डर्क आधी वाद घालत होता. "बाई, तुम्हीच ऑक्टोबरात शिकवलंत ना, ठशाखाली कापड अडकतं म्हणून?"

"शिकवलं. तू अर्धंच ऐकलंस," मी म्हटलं, आणि झिजेपासून सगळं समजावून सांगितलं. कुणीतरी विचारलं, मारलं कशाने? मी सांगितलं, दातेरी हातोडीने. "डर्क, तुझ्या पट्ट्याला लटकते तसलीच." सगळे हसले. डर्कही हसला.

लॉइडने विचारलं, मग खाली काय होतं? मी म्हटलं, मऊ मांस आणि आत हाड. "हरणाची मांडी म्हण ना."

"माझ्या दुकानात येऊन कुणी नाणी ठोकत असेल तर निदान मला भाडं तरी द्या," लॉइड म्हणाला. हशा झाला. ऑरिन पडल्यापासून पहिल्यांदाच त्या खोलीत कुणी हसलं.

इजेचं नाणं लोणच्याच्या बरणीत टाकायचं आणि परत मागायचं नाही, हा क्लबचा नियम. डर्कने टाकलं. हार मानायला कष्ट पडतात माणसाला, घामाघूम झाला होता. शिकवण्यासाठी हवं म्हणून मी ते बरणीतून काढून घरी आणलं.

२२ नोव्हेंबर

डर्क दाराशी आला. नाणं परत हवं, आजीची आठवण आहे म्हणे. मी म्हटलं, पिट्सबर्गला विकायला निघाला होतास तेव्हा आजी आठवली नाही का? नियम तो नियम. तो जरा वेळ पायरीवर तसाच उभा राहिला, माझ्या खांद्यावरून आत स्वयंपाकघराकडे पाहत. मग म्हणाला, "तुमची पन्हळ लोंबतेय, बाई. एकट्याच राहता ना? येऊन ठोकून देईन."

उद्धट नाही, एवढं खरं.

२४ नोव्हेंबर

जे पाहिलं ते क्रमाने लिहिते.

आज हॉस्पिटलमध्ये नर्स ऑरिनची चादर बदलत होती. मी नको तिकडे पाहत नाही, पण तिने त्याला कुशीवर वळवलं आणि खुबा उघडा पडला. काळानिळा, कडेला हिरवट होत चाललेला, ताटाएवढा घाव. आणि त्या काळ्या रंगाच्या मधोमध एक पांढरट गोल. पूर्ण गोल. कंपासने काढल्यासारखा. तिथे काहीतरी होतं, त्याने आपल्याखालची तेवढी कातडी वाचवली.

तो गोल केवढा आहे ते मला मोजावं लागलं नाही. तेवढं नाणं मी दहा दिवस चिमटीत धरून बसले होते.

मी बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, मऊ मांस आणि आत हाड. हरणाची मांडी म्हटलं होतं. आणि लोक हसले होते.

चोराला स्वतःच्याच हातोडीचा घाव ओळखू आला नाही. त्याला वाटलं टांकसाळीची चूक, मोठं घबाड. आणि मला घाव ओळखता आला, पण कुणावरचा ते मी विचारलं नाही, कारण विचारायचं नाही असा माझा नियम.

घरी येऊन हॉलिसला फोन केला. आज रविवार, तो सासूकडे होता; उद्या सकाळी नाणं घेऊन या म्हणाला. मग मी डर्कलाही फोन केला. पाठीमागे बोलणं माझ्या स्वभावात नाही. त्याला सांगितलं की उद्या हे नाणं शेरीफकडे जातंय, त्याआधी स्वतः जाऊन खरं काय ते सांग. तो म्हणाला, "बरं, बाई."

२५ नोव्हेंबर

नशिबाने उजवा हात धड आहे.

सकाळी नाणं हातमोज्यात, तळहाताशी ठेवलं. घाईत कोट न घालता नुसत्या स्वेटरवर बाहेर पडले. गाडीचं दार उघडून एक पाय आत टाकला तोच डर्क गॅरेजच्या कोपऱ्यावरून आला, हातोडी उचलूनच. पहिला घाव डोक्यावर येत होता. मी डावा दंड मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज आला असं वाटलं. दुसरा घाव आरशावर बसला, काचा माझ्या मांडीवर उडाल्या. त्याने माझी पर्स हिसकली, उलटी केली, रुमाल, गोळ्या, चष्मा, सगळं बर्फावर पसरलं. तेव्हाही तो शिवी देत नव्हता. श्वास मात्र धापा टाकल्यासारखा येत होता, शिडी चढल्यासारखा.

मग तो मला बाहेर ओढायला आत वाकला आणि त्याची बोटं दाराच्या चौकटीवर आली. मी उजव्या हाताने दार ओढून आपटलं. पुन्हा आपटलं. हाडं मोडताना हिरव्या फांदीसारखा आवाज येतो. तो किंचाळला. मी तिसऱ्यांदाही आपटलं, त्याची गरज नव्हती. गाडी मागे घेताना काहीतरी चाकाखाली आलं. पर्स असावी. पाहिलं नाही.

एका हाताने गाडी चालवत शेरीफच्या कचेरीत पोचले. हॉलिसने टोपी काढली नाही, धावतच आला.

२६ नोव्हेंबर

दंड मोडलेला नाही, ठेचला आहे.

हॉलिस घरी आला आणि खुर्चीच्या कडेला बसला, निकाल वाईट लागलेल्या विद्यार्थ्यासारखा. डर्कचं म्हणणं, तो पन्हळ ठोकायला आला होता, मी घाबरून वेड्यासारखी वागले आणि त्याची बोटं चिरडली. त्याच्या ट्रकमध्ये हातोडी सापडली, पण सपाट तोंडाची, नवी कोरी. दातेरी असेल तर एव्हाना नदीच्या तळाशी असणार. ऑरिनची खोकी त्याच्याकडे नाहीत.

"आणि नाणं?" मी विचारलं.

"नाण्यावर रक्ताचा अंश मिळाला असता तर सगळंच सोपं होतं, बाई. प्रयोगशाळेचा माणूस म्हणाला, इतकं स्वच्छ नाणं त्याने आजवर पाहिलं नाही."

ते पाणी मी सिंकमध्ये ओतलं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई. गंज म्हणून लिहिलं आहे वर, ते खोडणार नाही.

मग हॉलिसने उरलेलं सांगितलं. ऑरिन काल शुद्धीवर आला. कुणी मारलं, असं विचारल्यावर त्याने एकच शब्द उच्चारला. कर्टिस. तीनदा विचारलं, तीनदा तेच. सरकारी वकील म्हणतो, ज्याच्या डोक्यात घाव बसला तोच मुलाचं नाव घेतो, त्यापुढे एका म्हातारीची झीज आणि वीण कोण ऐकणार? कर्टिसला वीस वर्षं तरी आत काढावी लागतील.

"कर्टिस काय म्हणतो?"

"काही नाही. बापाने नाव घेतलं हे सांगितल्यापासून जेवत नाही."

तो गेल्यावर पट्टी बदलायला बाही वर केली. दंडावर जांभळे ठिपके उमटले आहेत. ओळीत, चौकटीत. कडेला एक ठिपका नाही.

आरशासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. मग हॉलिसला परत बोलावलं, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायला लावले, तिरप्या उजेडात, माझ्या पद्धतीने. त्याची सावली मध्ये येत होती म्हणून दोनदा ओरडले.

२८ नोव्हेंबर

आज सण, सगळ्यांच्या घरी टर्कीचं जेवण. मी हॉलिसला त्याच्या बायकोच्या टेबलावरून उठवून हॉस्पिटलमध्ये नेलं. माझं म्हणणं साधं होतं: वकिलाला माझी झीज आणि वीण ऐकायची नसेल तर ज्याने मला ती शिकवली त्याच्याकडून ऐकावी.

ऑरिनचे डोळे उघडे होते, पण मला ओळखायला वेळ लागला. नाव आठवलं नाही, "ती कडक बाई" म्हणाला. नर्स म्हणाली, कालचं आठवत नाही, त्याला दमवू नका. मी स्वेटरची बाही वर केली आणि दंड त्याच्यासमोर धरला. माझं भिंग त्याच्या डाव्या हातात दिलं.

मग त्याने माझं मनगट धरलं आणि दंड खिडकीकडे कलता केला, उजेड आडवा पडावा म्हणून. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे भिंग सरकवलं. जिथे ठिपका नव्हता तिथे थांबला. त्याची नखं वाढली होती, दुखत होतं, मी हललेही नाही.

"हातोडी," तो म्हणाला. "छप्परवाल्याची. एक दाता गेलाय."

मी नाण्याचा फोटो त्याच्या छातीवर ठेवला. त्याने तोही तसाच पाहिला. अंगठा फोटोवर घासला, कागद लागला म्हणून चिडला. मग म्हणाला, "हे माझं."

"हो."

"हीच हातोडी."

हॉलिस लिहीत होता. मी त्याला सांगितलं, तारीख घाल.

"ऑरिन," मी विचारलं, "कर्टिसकडे अशी हातोडी आहे?"

तो हसला. अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं. "कर्टिसला साधा खिळा ठोकता येत नाही. त्याच्या खोलीतलं शेल्फ मी लावून दिलं. तिसाव्या वर्षी."

"मग तू त्याचं नाव का घेतलंस?"

त्याला प्रश्न कळेना. मी पुन्हा विचारला, सावकाश, वर्गात विचारायचे तसा. त्याचे डोळे माझ्यावरून हॉलिसवर गेले, तिथून दाराकडे.

"मागचं दार वाजलं," तो म्हणाला. "भांडण झाल्यापासून आला नव्हता. मी म्हटलं, कर्टिस? आलास का?"

हॉलिसचं पेन थांबलं होतं.

"आलाय ना तो?" ऑरिनने विचारलं. "कुठंय?"

मला आयुष्यात कधी उत्तर मवाळ करून देता आलं नाही. मी म्हटलं, तुरुंगात. तू नाव घेतलंस म्हणून, आणि त्याआधी मी घेतलं म्हणून.

त्याने चादर फेकली. खुब्यात खिळे असलेला, कवटी पट्ट्यांत बांधलेला माणूस पलंगावरून खाली उतरायला निघाला. हॉलिसने खांदे धरले, दोन नर्सनी पाय. तो त्यांना मारत होता. सुजलेल्या हाताने, कोपराने, डोक्याने. एकीचा ओठ फुटला, सलाईनचा खांब आडवा झाला, सुई उपसून रक्त चादरभर उडालं, आणि तो मुलाच्या नावाने असा ओरडत होता की कॉरिडॉरमधली माणसं टर्कीच्या थाळ्या हातात घेऊन दाराशी गोळा झाली.

"हॉलिस," मी म्हटलं, "त्याला धरून काय उपयोग? जा, मुलाला घेऊन ये."

हॉलिसने हात काढले आणि तो धावत सुटला.